शरीराची वेळ

प्राण्याला झोपूच दिले नाही तर तो मरतो, हे शास्त्राला शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. तो नेमका कशाने मरतो, हे मात्र फार उशिरा कळू लागले. 1980 च्या दशकात शिकागो विद्यापीठात ॲलन रेक्टशाफेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना सतत जागे ठेवून पाहिले. उंदीर नेहमीपेक्षा जास्त खाऊ लागले, तरीही वाळत गेले; त्यांच्या अंगावर जखमा झाल्या, शरीराचे तापमान घसरले आणि दोन-तीन आठवड्यांत ते दगावले. शवविच्छेदनात मृत्यूचे ठोस कारण काही सापडले नाही. झोप मेंदूसाठी असते असा सर्वांचा समज, पण मेंदूत जीव घेण्याइतके काही दिसेना. पुढे कॅरल एव्हर्सन यांना वेगळीच गोष्ट आढळली: जागरण लांबत गेले तसे आतड्यातले जीवाणू आतड्याची भिंत ओलांडून आसपासच्या लसिकाग्रंथींत पोचत होते. 2020 मध्ये हार्वर्डमध्ये ड्रगाना रोगुल्या यांच्या गटाने फळमाश्यांवर आणि उंदरांवर काम केले आणि धागा आणखी पुढे नेला. झोप तोडलेल्या माश्यांच्या शरीरात पेशींना जाळणारी ऑक्सिजनची रसायने साठत होती, आणि ती साठत होती आतड्यात. या रसायनांना निष्प्रभ करणारी द्रव्ये माश्यांना दिली, तेव्हा जवळजवळ न झोपताही त्या नेहमीइतक्या जगल्या.

या एका शोधाने झोपेचे सगळे कोडे सुटले असे नाही. माशी म्हणजे माणूस नव्हे. पण झोपेचा विचार करताना आपण ज्या अवयवाकडे कधी पाहतच नव्हतो, तिकडे बोट दाखवण्याचे काम त्याने केले. आरोग्याच्या पुस्तकांत झोप एका प्रकरणात असते, पचन दुसऱ्यात आणि ऊन तिसऱ्यात, बहुधा हाडांच्या आजारांसोबत. प्रत्येकाचा सल्ला मापात दिलेला असतो: इतके तास झोपा, इतके ग्रॅम तंतुमय पदार्थ खा, ड जीवनसत्त्व इतक्या प्रमाणात घ्या. मापे चुकीची नाहीत. परंतु गेल्या पन्नास वर्षांतले संशोधन एकत्र ठेवून पाहिले की या तिन्ही गोष्टी शरीरातल्या एकाच व्यवस्थेला येऊन मिळतात, आणि ती व्यवस्था काळाची आहे. तीच झोप, तेच अन्न, तोच प्रकाश दिवसाच्या कोणत्या घटकेला मिळतो यावर त्याचा परिणाम ठरतो. ‘किती’ हा प्रश्न आपण कंटाळा येईपर्यंत विचारला. ‘केव्हा’ हा प्रश्न विचारायला मात्र आपण आत्ता कुठे सुरुवात केली आहे.

सजीवांच्या आत स्वतःचे घड्याळ असते याचा पहिला पुरावा लाजाळूसारख्या झाडाने दिला. 1729 मध्ये ज्यां-जाक द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे झाड अंधारात ठेवले, आणि सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. माणसाबद्दल हे सिद्ध व्हायला 1960 चे दशक उजाडावे लागले. जर्मनीत बव्हेरियातल्या आंडेक्स येथे युर्गेन आशॉफ आणि र्यूटगर वेव्हर यांनी जमिनीखाली खोल्या बांधल्या. तिथे स्वयंसेवक कित्येक दिवस घड्याळ, खिडकी आणि बातमी यांशिवाय राहिले. भारतात मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनीही असेच काळापासून तुटलेले दालन उभारले. सगळीकडे एकच दिसले: माणसे ठरावीक लयीत झोपत आणि उठत राहिली, पण ही लय चोवीस तासांत चपखल बसत नव्हती. 1999 मध्ये चार्ल्स झाइसलर यांच्या गटाने काटेकोर मोजणी केली तेव्हा सरासरी आली सुमारे 24 तास 11 मिनिटे. फरक किरकोळ वाटतो. पण रोज अकरा मिनिटे मागे पडणारे घड्याळ महिन्याभरात पाच तासांहून अधिक चुकते. ते चुकत नाही, कारण दररोज कोणीतरी ते पुन्हा लावते. हे लावण्याचे मुख्य काम प्रकाश करतो.

मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी असते. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या बरोबर वर सुमारे वीस हजार पेशींचा हा पुंजका आहे. त्याला प्रकाशाची खबर कोण देते, हे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नीट माहीत नव्हते. डोळ्याच्या पडद्यात शंकूपेशी आणि दंडपेशी असतात आणि त्याच प्रकाश टिपतात, असे शाळेत शिकवले जाई. 1998 ते 2002 या काळात इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ, डेव्हिड बर्सन, समेर हत्तार आणि ओडिशातून अमेरिकेत गेलेले सच्चिदानंद पांडा अशा अनेकांच्या कामातून तिसऱ्या प्रकारच्या पेशी समोर आल्या. मेलॅनॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असलेल्या या पेशी चित्र पाहण्यासाठी नसतात. आसपास किती उजेड आहे एवढेच त्या मोजतात आणि थेट घड्याळाला कळवतात. म्हणूनच काही अंध व्यक्तींना काहीही दिसत नसतानाही त्यांचे शरीर दिवसरात्र ओळखते, आणि ज्यांच्या या पेशीही नष्ट झालेल्या असतात त्यांची झोप मात्र पुढेपुढे सरकत राहते. या पेशींना निळसर प्रकाश लागतो, तोही भरपूर आणि बराच वेळ. आपल्या घरात किंवा कचेरीत डोळ्यांपर्यंत येणारा उजेड साधारण शंभर ते पाचशे लक्स असतो. बाहेर ढगाळ दिवशीही तो दहा हजारांच्या आसपास जातो, आणि कडक उन्हात लाखापर्यंत. आपल्याला खोली लख्ख वाटते, कारण दृष्टी फार लवकर जुळवून घेते. घड्याळाच्या हिशेबी मात्र ती खोली संधिप्रकाशात असते. 2013 मध्ये केनेथ राइट यांनी आठ जणांना आठवडाभर रॉकी पर्वतात तंबूत ठेवले. ना दिवे, ना मोबाइल. फक्त सूर्य आणि शेकोटी. झोपेची चाहूल देणारे मेलॅटोनिन त्यांच्या शरीरात सुमारे दोन तास आधी वाढू लागले. रात्री उशिरापर्यंत जागणे हा आपला स्वभावच आहे असे मानणारी माणसेही त्या आठवड्यात इतरांसारखी वेळेवर झोपली.

उलट्या बाजूचा पुरावाही तितकाच बोलका आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात 2022 मध्ये वीस निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत झोपवले. त्यांपैकी निम्म्यांनी एक रात्र छताच्या शंभर लक्सच्या उजेडात काढली. शंभर लक्स म्हणजे फार काही नव्हे. अनेक घरांत पॅसेजचा दिवा रात्रभर सुरू असतो किंवा टीव्ही चालू ठेवून झोपतात, तशातला हा उजेड. ते झोपले, त्यांना आपली झोप बरी झाली असेही वाटले. पण रात्रभर हृदयाचे ठोके चढे राहिले आणि सकाळी इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावलेला दिसला. डोळे मिटलेले असले तरी शरीर उजेडाची नोंद घेत होते.

इथे ‘ऊन’ या एका शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो, त्या सोडवून घ्यायला हव्यात. बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरायचे, म्हणजे ड जीवनसत्त्व मिळते, असे घराघरात सांगितले जाते. डॉक्टरही कधीकधी तेच सांगतात. ड जीवनसत्त्व त्वचेत तयार होते ते अतिनील किरणांच्या एका अरुंद पट्ट्यामुळे, साधारण 290 ते 315 नॅनोमीटर लांबीच्या लहरींमुळे. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा हे किरण वातावरणाचा जाड थर तिरके कापत येतात आणि वाटेतच शोषले जातात. त्यामुळे सकाळी सातच्या उन्हात ते जवळजवळ नसतातच. ते मिळतात सूर्य वर आल्यावर. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हा. काचेच्या खिडकीतून तर ते येतच नाहीत, मग आत कितीही ऊन पडलेले असो. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर असे ऊन बारा महिने मिळते, आणि तरीही भारतीय शहरांत ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. त्वचेतले मेलॅनिन हे किरण अडवते, हवेतला धूर अडवतो, अंगभर कपडे अडवतात, आणि सगळ्यात जास्त अडवते ते छप्पर. मग कोवळे ऊन निरुपयोगी ठरते का? मुळीच नाही. ते त्वचेसाठी जे करू शकत नाही ते डोळ्यांवाटे घड्याळासाठी उत्तम करते. झोपेतून उठल्यानंतरचा पहिला तास-दीड तास घड्याळ प्रकाशाला जोरकस प्रतिसाद देते आणि रात्रीची झोप मागे, म्हणजे लवकरच्या वेळेकडे ओढते. सूर्याकडे टक लावून पाहायचे नसते, तसे केल्यास डोळ्याच्या पडद्याला इजा होते. नुसते बाहेर असणे पुरते. म्हणजे सकाळचे ऊन डोळ्यांसाठी आणि मधल्या वेळचे थोडे ऊन त्वचेसाठी, अशी ही विभागणी आहे.

यावर आक्षेप येतो तो त्वचेच्या कर्करोगाचा, आणि तो खरा आहे. ऑस्ट्रेलियासारख्या देशात गोऱ्या कातडीच्या लोकांना उन्हापासून जपायला सांगणे हे सार्वजनिक आरोग्याचे आवश्यक काम आहे. गव्हाळ-सावळ्या त्वचेत हा धोका कितीतरी कमी असतो. आपल्याकडे उन्हाचा मोठा धोका उष्माघाताचा आहे, विदर्भात एप्रिल-मेमध्ये तो जीवघेणा ठरतो. तेव्हा मधल्या वेळचे ऊन म्हणजे तासन्‌तास होरपळणे नव्हे. मग दुसरा आक्षेप: कशाला हवा हा खटाटोप, गोळी घेऊन भागत नाही का? ज्याच्या रक्तात ड जीवनसत्त्व खूपच कमी आहे त्याने गोळी घ्यावीच, मुडदूस आणि हाडांचा ठिसूळपणा गोळीने टळतो. पण उन्हात वावरणाऱ्यांची प्रकृती चांगली दिसते त्याचे सगळे श्रेय या एका जीवनसत्त्वाला देऊन पाहिले, तेव्हा हिशेब जुळला नाही. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ या चाचणीत पंचवीस हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांना रोज ड जीवनसत्त्व दिले. काही वर्षांनी कर्करोग किंवा हृदयविकार होण्याचे प्रमाण घटले नाही. उन्हातून येणारे बाकीचे काही गोळीत नव्हते. त्यात प्रकाश नव्हता, दिवस नव्हता, बाहेर जाणे नव्हते. 2019 मध्ये कॅनडात एकवीस स्त्रियांच्या त्वचेवर आठवड्यात तीनदा अतिनील किरण सोडले. ज्यांनी आधी गोळ्या घेतल्या नव्हत्या त्यांच्या आतड्यातल्या जीवाणूंचे वैविध्य वाढले. अभ्यास अगदी छोटा आहे, त्यावर इमारत उभी करता येणार नाही. पण कातडीवर पडलेल्या उजेडाची बातमी आतड्यापर्यंत पोचते, एवढे त्याने दाखवले.

आता आतड्याकडे वळू. माणसाच्या शरीरात स्वतःच्या पेशींच्या दहापट जीवाणू असतात, असे वर्षानुवर्षे छापले जात होते. 2016 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी नीट मोजले: सुमारे अडतीस लाख कोटी जीवाणू आणि सुमारे तीस लाख कोटी मानवी पेशी. म्हणजे जवळपास बरोबरी. यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात आणि आपण पचवू न शकलेल्या तंतूंवर जगतात. ज्वारी-बाजरीचा कोंडा, डाळींची साले, शेंगभाज्या, कच्चे केळे यांतून जे उरते ते त्यांचे अन्न. त्याच्या मोबदल्यात ते ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली बहुतांश ऊर्जा त्यावरच मिळवतात. हे अस्तर एका पेशीइतके जाड असते. एका बाजूला लाखो कोटी जीवाणू आणि दुसऱ्या बाजूला रक्त, मध्ये एका पेशीची भिंत आणि तिच्यावर श्लेष्माचा थर. जीवाणूंना तंतू मिळाले नाहीत तर त्यांतले काही तो श्लेष्माच खाऊ लागतात, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. भिंत पातळ झाली की जीवाणूंचे अवशेष रक्तात झिरपतात आणि प्रतिकारयंत्रणा सतत धुमसत राहते. मधुमेह, यकृतातली चरबी, हृदयविकार या सगळ्यांत अशा धुमसीचा वाटा असतो, हे आता बहुतेक तज्ज्ञ मानतात.

सूर्यप्रकाश कधीही न पाहणाऱ्या या वस्तीलाही दिवसरात्र असतात, हे 2014 मध्ये वाइझमन संस्थेतल्याच एरान एलिनाव यांच्या गटाने दाखवले. उंदराच्या आतड्यातल्या जीवाणूंच्या जातींचे प्रमाण चोवीस तासांत चढते-उतरते; काही तास ऊर्जा मिळवण्याचे आणि वाढण्याचे काम जोरात असते, काही तास हालचालीचे. हा ताल त्यांना प्रकाशाने नव्हे, यजमानाच्या जेवणाच्या वेळांनी मिळतो. उंदरांचे दिवसरात्र वारंवार उलटेपालटे केले की ताल मोडला, आणि ते लठ्ठ झाले. मग संशोधकांनी अमेरिकेतून इस्रायलला विमानाने आलेल्या दोन माणसांची विष्ठा तपासली. प्रवासापूर्वीचे, प्रवासानंतर लगेचचे आणि दोन आठवड्यांनंतरचे असे नमुने जीवाणूविरहित उंदरांत सोडले. मधल्या नमुन्याचे जीवाणू मिळालेले उंदीर जास्त लठ्ठ झाले आणि त्यांची साखर बिघडली. बाकीचे तसे झाले नाहीत. माणसे दोनच होती, ही मर्यादा मान्य करूनही हा प्रयोग महत्त्वाचा आहे, कारण वेळेचा गोंधळ जीवाणूंच्या रूपाने एका शरीरातून दुसऱ्यात नेता आला. आतड्याच्या स्वतःच्या कामालाही वेळ लागते. पोट रिकामे झाल्यावर दर दीड-दोन तासांनी आतड्यातून आकुंचनाची एक लाट जाते आणि उरलेले अन्नकण व जीवाणू पुढे ढकलून लहान आतडे साफ करते. काही खाल्ले की ती थांबते. रात्री अकराला जेवून, एकला फरसाण खाऊन, सकाळी सहाला चहा-बिस्किटे घेणाऱ्याच्या आतड्याला ही सफाई करायला फार थोडा वेळ उरतो.

मेंदूतले घड्याळ प्रकाशाने लागते, पण यकृत, स्वादुपिंड, आतडे, स्नायू यांच्या पेशींतही स्वतंत्र घड्याळे असतात आणि ती मुख्यतः अन्नाने लागतात. जिनीव्हात उली शिब्लर यांच्या प्रयोगशाळेने 2000 मध्ये हे स्पष्ट केले. उंदीर रात्री खाणारे प्राणी. त्यांना फक्त दिवसा अन्न दिले तेव्हा यकृताचे घड्याळ उलटे झाले आणि मेंदूचे जागच्या जागी राहिले. एकाच शरीरात दोन वेगवेगळ्या वेळा. माणूस रात्री साडेअकराला झगझगीत उजेडात पोटभर जेवतो तेव्हा काहीसे असेच घडते. संध्याकाळी मेलॅटोनिन वाढू लागते आणि ते स्वादुपिंडाला इन्सुलिन कमी सोडायला लावते, कारण रात्री अन्न येणे शरीराला अपेक्षित नसते. दुपारी आलेल्या पाहुण्याचे जसे स्वागत होते तसे मध्यरात्री दोनला दार वाजवणाऱ्या त्याच पाहुण्याचे होत नाही; घर तेच, माणसे तीच, पण चूल विझलेली असते. स्पेनमध्ये 845 प्रौढांना एकदा झोपण्याच्या चार तास आधी आणि एकदा फक्त एक तास आधी सारखेच ग्लुकोज दिले. उशिराच्या वेळी इन्सुलिन कमी स्रवले आणि साखर जास्त चढली. मेलॅटोनिन टिपणाऱ्या ग्राहीचा (रिसेप्टरचा) एक विशिष्ट जनुकीय प्रकार ज्यांच्यात होता, त्यांच्यात हा बिघाड अधिक होता.

या ठिकाणी सर्वांत भक्कम आक्षेप उभा राहतो. वेळ वगैरे ठीक, शेवटी वजन ठरते ते उष्मांकांवर. दिवसातल्या ठरावीक आठ तासांतच जेवणाऱ्यांचे वजन घटते ते कमी खाल्ल्यामुळे. 2022 मध्ये चीनमधल्या ग्वांगझू येथे 139 लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर झालेल्या चाचणीने हेच दाखवले. दोन्ही गटांना सारखेच उष्मांक कमी करायला सांगितले, एका गटाने फक्त सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेत खाल्ले. वर्षाअखेरीस दोन्ही गटांचे वजन सारखेच घटलेले होते. हा निष्कर्ष मी पूर्ण मान्य करतो. ‘अमुक तासांत जेवा आणि बारीक व्हा’ असे सांगणाऱ्यांनी तो प्रामाणिकपणे वाचायला हवा. पण आरोग्य म्हणजे वजनकाट्यावरचा आकडा नव्हे. 2018 मध्ये अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांना पाच आठवडे लवकर जेवायला लावले, शेवटचे जेवण दुपारी तीनच्या आत. वजन घटणार नाही इतके अन्न मुद्दाम दिले होते. तरीही इन्सुलिनला प्रतिसाद सुधारला आणि रक्तदाब उतरला. आपल्यासाठी हा भेद विशेष मोलाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की भारतीय शरीर दिसायला सडपातळ असूनही आतून चरबी साठवते, आणि कमी वजनाच्या माणसालाही मधुमेह गाठतो. वजन जिथे फसवते, तिथे वेळेचा परिणाम स्वतंत्रपणे मोजणे भाग आहे.

दुसरा आक्षेप पुराव्याच्या दर्जाविषयी आहे: अर्धे प्रयोग उंदरांवर, उरलेले आठ-दहा माणसांवर. यात बरेच तथ्य आहे, आणि जीवाणूंच्या क्षेत्रात तर अतिशयोक्तीचा बाजार भरला आहे. विष्ठा तपासून ‘तुमच्यासाठी योग्य आहार’ सांगणाऱ्या महागड्या चाचण्या आणि जीवाणूंच्या कॅप्सूल यांच्या बहुतेक दाव्यांना आज तरी आधार नाही. पण म्हणून सगळेच धूसर आहे असे होत नाही. स्टॅनफर्डमध्ये 2021 साली छत्तीस प्रौढांना दहा आठवडे दोन आहारांपैकी एक दिला: काहींना तंतूंचा, काहींना दही, केफिर, आंबवलेल्या भाज्या असा. आंबवलेले खाणाऱ्यांत जीवाणूंचे वैविध्य वाढले आणि दाहाचे एकोणीस निदर्शक घटले. जेवणासोबत ताक ठेवणाऱ्या घरांना यात नवे काही वाटणार नाही. मात्र इडली-ढोकळा आंबवलेले असले तरी वाफवताना त्यांतले जीवाणू मरतात. जिवंत जीवाणू मिळतात ते दही-ताकातून. लहान अभ्यासांतून जेव्हा मेंदू, यकृत, स्वादुपिंड आणि जीवाणू अशा वेगवेगळ्या दिशांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते, तेव्हा प्रत्येक अभ्यास दुबळा असूनही त्यांची साक्ष दुबळी राहत नाही.

तिसरा आक्षेप मानववंशशास्त्राकडून येतो. टांझानियातले हाडझा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले चिमाने या विजेविना जगणाऱ्या लोकांच्या झोपेची नोंद 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. ते रोज सरासरी पावणेसहा ते सात तासच झोपतात, आणि सूर्यास्तानंतर तीनेक तास जागे असतात. मग आठ तासांचा आग्रह कशाला, असे विचारले जाते. मला हा अभ्यास माझ्या म्हणण्याच्या बाजूचाच वाटतो. या लोकांची झोप लांब नाही, पण वेळेची पक्की आहे. ते पहाटे उठतात, आणि सकाळचा भरपूर प्रकाश त्यांच्या डोळ्यांवर पडतो. ब्रिटनमधल्या साठ हजारांहून अधिक लोकांच्या मनगटावरील उपकरणांतून मिळालेल्या नोंदींचे विश्लेषण 2024 मध्ये आले. झोप किती तासांची आहे यापेक्षा ती रोज त्याच वेळी होते की नाही, यावरून मृत्यूचा धोका अधिक नेमका सांगता आला. सहा तासांची नियमित झोप पुरेशीच आहे असा याचा अर्थ नाही. बहुतेक प्रौढांना सात तास लागतात. पण सोमवार ते शुक्रवार बाराला आणि शनिवारी तीनला झोपणारा माणूस दर आठवड्याला एक छोटा विमानप्रवास करून परत येत असतो.

आणखी एक प्रतिक्रिया हमखास येते: यात नवे काय, आपल्या दिनचर्येत हे सगळे होतेच. लवकर निजणे, ब्राह्ममुहूर्तावर उठणे, जैन घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण. या परंपरांबद्दल मला आदर आहे आणि त्यांतले बरेच काही आज तपासणीत टिकते. पण सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम अहिंसेच्या विचारातून आला, इन्सुलिनच्या नव्हे. आणि जुन्या काळी लोक लवकर झोपत त्याचे एक कारण तेल महाग होते हेही आहे. पूर्वजांना सगळे ठाऊक होते असे म्हटले की आपण तपासायचे थांबतो, आणि मग कोवळ्या उन्हातल्या ड जीवनसत्त्वासारखी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र हा आहे की वेळ निवडण्याची मुभा किती जणांना असते. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणाऱ्याला सकाळचे ऊन घ्या आणि सातला जेवा असे सांगणे क्रूर आहे. म्हणूनच हा प्रश्न केवळ वैयक्तिक शिस्तीचा नाही, सार्वजनिक घड्याळाचाही आहे, आणि मुंबई शहराला त्याचा इतिहास आहे. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईने ती नाकारली. गिरणी कामगारांनी निषेध केला, आणि एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ शहरात 1955 पर्यंत टिकली. त्या विरोधात राजकारण होते, पण सूर्यही मुंबईकरांच्याच बाजूला होता: आजही मुंबईत सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी साडेबाराच्या पुढे. देशाच्या पूर्व आणि पश्चिम टोकांत सूर्याच्या वेळेचा जवळपास दोन तासांचा फरक असताना सगळ्यांचे घड्याळ एकच आहे. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी दाखवले की भारतात सूर्यास्त तासाभराने उशिरा असेल, तिथे मुले अर्धा तास कमी झोपतात, आणि हा भार गरीब घरांवर जास्त पडतो. कारण संध्याकाळ लांबते, पण शाळेची घंटा सगळीकडे सारखीच वाजते. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठवलेले मूल रात्रीच्या मधोमध उठवलेले असते. 2024 च्या सुरुवातीला महाराष्ट्र सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. निर्णय योग्य दिशेचा आहे. परंतु वयात येताना मुलांचे घड्याळ आपोआप उशिराकडे सरकते, त्यामुळे उशिराच्या शाळेची गरज खरी तर आठवी ते बारावीला सर्वाधिक आहे, आणि नेमके तेच वर्ग आदेशाबाहेर राहिले.

रात्रपाळीचे लोक यापेक्षाही अडचणीत असतात. परिचारिका, पोलीस, सुरक्षारक्षक, कारखान्यांतले कामगार, अमेरिकेच्या वेळेवर काम करणारे पुण्या-मुंबईचे तरुण यांच्याशिवाय शहर चालत नाही. शरीराची लय मोडणारे पाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये म्हटले आणि 2019 मध्ये पुन्हा तपासून तेच कायम ठेवले. रात्रपाळी करणाऱ्यांना लवकर झोपा असे सांगता येत नाही. पण 2021 मध्ये बोस्टनमध्ये एकोणीस जणांवर झालेल्या एका प्रयोगाने एक वाट दाखवली. सर्वांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखे जागवले. काही जण रात्री जेवले, काहींनी जेवण फक्त दिवसा ठेवले. रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी 6.4 टक्क्यांनी चढली, दिवसा जेवणाऱ्यांची चढली नाही. झोप दोघांचीही उलटीच होती. म्हणजे प्रकाशाची वेळ हातात नसली तरी अन्नाची वेळ काही प्रमाणात हातात ठेवता येते, आणि तेवढ्यानेही एक घड्याळ वाचते. मुख्य जेवण पाळी सुरू होण्यापूर्वी, संध्याकाळी सहा-सातला मिळावे; रात्री दोनला वडापाव आणि बिर्याणीऐवजी ताक, फळ किंवा मूठभर शेंगदाण्यांवर भागावे; पाळी संपल्यावर झोपायला गडद पडद्यांची खोली असावी; पाळ्या बदलताना दिवसाकडून संध्याकाळकडे आणि मग रात्रीकडे अशाच क्रमाने बदलाव्यात, कारण चोवीस तासांहून लांब असलेल्या घड्याळाला पुढे सरकणे सोपे जाते. यांतली बहुतेक कामे कामगाराच्या हातात नाहीत. ती रुग्णालयांच्या, कंपन्यांच्या आणि पोलीस ठाण्यांच्या कँटीनची वेळ ठरवणाऱ्यांच्या आणि पाळ्यांचे तक्ते बनवणाऱ्यांच्या हातात आहेत.